चपळ नौकांचा प्रश्न : अवकाशयुद्धाच्या पटावर लहान जहाजांची किंमत किती?

प्रश्न काय आहे

अवकाशयुद्धाच्या पटावरील खेळांत पन्नास वर्षांपासून एक वाद चालू आहे. दोन्ही खेळाडूंना ताफा उभा करायला सारखेच गुण मिळतात. त्या गुणांत एक बलाढ्य युद्धनौका घ्यावी, की आठ-दहा लहान, वेगवान नौका? नवा खेळाडू बहुधा लहान नौकांच्या मोहात पडतो, दोन-चार डाव गमावतो आणि मोठ्या जहाजाकडे वळतो. खेळात मुरल्यावर तोच लहान नौकांकडे परत येतो, पण आता त्याची कारणे वेगळी असतात. ही कारणे कोणती, त्यांतली कितपत टिकतात आणि कशावर अजून एकमत नाही, हे या आढाव्यात पाहायचे आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीहून समुद्र शेकडो कोस दूर. इथले मोठे पाणी म्हणजे पेंच नदी आणि नवेगाव खैरीचा जलाशय. तरी हा विषय इथल्या वाचकाला परका वाटू नये. लहान आणि चपळ बळाने मोठ्या आणि जड बळाला कसे गाठायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने कोकणच्या पाण्यावर सोडवून पाहिला आणि नागपूरकर भोसल्यांनी बंगालच्या जमिनीवर. दोन्हीकडे यश आले आणि दोन्हीकडे मर्यादाही कळल्या. पटावरचा वाद समजून घ्यायला हे दोन अनुभव फार उपयोगी पडतात.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवायला हवी. ‘लहान जहाज’ म्हटले की खेळाडूंच्या मनात तीन गुण एकत्र येतात. ते स्वस्त असते, म्हणून संख्येने जास्त घेता येते. ते चपळ असते, म्हणून हवी ती जागा पकडता येते. आणि त्याला टिपणे अवघड असते. हे तिन्ही गुण दर वेळी एकत्र नांदतातच असे नाही. वादातला बराच गोंधळ ते एकच मानल्यामुळे होतो.

पार्श्वभूमी : पाण्यावरचा अनुभव

शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी नाकेबंदीसाठी जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी ताफ्याने त्यांच्यावर चाल केली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. पण ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज जागचे हलले नाही आणि त्याच्या तोफांपुढे लहान होड्यांना माघार घ्यावी लागली. समोरासमोरच्या लढतीचा हिशेब केला तर मोठे जहाज टिकले. पण मराठ्यांच्या होड्या रात्री, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर खांदेरीला रसद पोचवत राहिल्या आणि वाऱ्यावर विसंबलेल्या जड जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून नाकेबंदी उठवली आणि बेट मराठ्यांकडेच राहिले.

पुढे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या काळात या पद्धतीला शिस्त आली. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या ताफ्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. गुराबे दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असत. दोन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे १५० टनांचे, तर तीनचे ३०० टनांपर्यंत. गलबते ७० टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची आणि ताशी चारेक मैल वेगाची. आठ-दहा गुराबे आणि चाळीस-पन्नास गलबते मिळून एका मोठ्या जहाजावर जात. वारा पडलेला असला तर गलबते गुराबांना दोराने ओढून नेत. गुराबे सावजाच्या पिछाडीला येत, कारण तिकडे रोखलेल्या तोफा थोड्याच असत. नाळेवरच्या तोफांनी ती आधी डोलकाठ्या आणि शिडे फोडत. सावज लंगडे झाले की गलबते चहूबाजूंनी भिडत आणि प्रत्येकातून दोन-तीनशे माणसे तलवार घेऊन वर चढत.

या वर्णनात लहान नौकांच्या वापराचा जवळजवळ सगळा पाठ आहे: पिछाडी गाठणे, आधी गती मोडणे, सगळ्यांनी एकदम भिडणे आणि एकमेकांना ओढून नेणे. १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज संभाजी आंग्रे यांच्या ताफ्याने पकडले. पण १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचा ताफा किल्ल्याखाली नांगरलेला होता. पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाला आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर पसरली आणि सगळा ताफा जळाला. हलायला जागा उरली नाही की चपळ नौका नुसते सरपण ठरते, हा त्या घटनेचा धडा.

युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. १८८० च्या दशकात फ्रेंच अॅडमिरल तेओफिल ओब यांच्या भोवती जमलेल्या ‘तरुण पंथा’चे म्हणणे होते की, स्वस्त टॉर्पेडो बोटींच्या झुंडी महागड्या युद्धनौकांना निरुपयोगी करतील. इंग्लंडने त्यावर टॉर्पेडो बोटींनाच मारणारी थोडी मोठी, वेगवान नौका काढली. १८९३ ची ‘हॅवॉक’ ही तिच्या पहिल्या नमुन्यांपैकी एक. डिस्ट्रॉयर हा प्रकार तिथून रुळला. लहान नौकेवरचा उतारा म्हणजे तिच्याहून जरा मोठी नौका, हे तेव्हापासून चालत आलेले सूत्र आहे.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण १९७१ चे. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीसमोर पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. प्रत्येक बोटीवर चार क्षेपणास्त्रे होती. या बोटींचा पल्ला तोकडा होता, म्हणून वाटेचा काही भाग त्यांना मोठ्या नौकांनी ओढत नेले. वीस वर्षांनी, १९९१ च्या आखाती युद्धात, इराकच्या अशाच लहान बोटी ब्रिटिश हेलिकॉप्टरांतून सुटलेल्या क्षेपणास्त्रांनी एकामागून एक बुडवल्या. शस्त्र लांब पल्ल्याचे झाले की लहान नौकेला दिवस चांगले येतात, आणि तिला वरून पाहणारा कोणी आला की ते संपतात.

समुद्रावरून पटावर

नौदलाच्या लढाया पटावर खेळण्याची रीत फ्रेड जेन यांनी १८९८ च्या सुमारास छापील नियमांसह लोकांपुढे आणली. अवकाशाची पाळी १९७० च्या दशकात आली. १९७३ च्या ‘ट्रायप्लॅनेटरी’ने खऱ्या भौतिकशास्त्राचा आधार घेतला. त्यात जहाजाला आधीच्या डावातली गती पुढेही वाहून न्यावी लागते आणि ग्रहांचे गुरुत्व वाट वाकवते. १९७९ च्या ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ने उलट वाट धरली. तिथे प्रत्येक डावाला ऊर्जेचे अंदाजपत्रक मांडायचे असते. एक षट्कोन पुढे जायला जड क्रूझरला ऊर्जेचा एक एकक लागतो, फ्रिगेटला एक तृतीयांश पुरतो. पण कमाल वेगाची मर्यादा सगळ्यांना सारखीच. म्हणजे या खेळात लहान जहाज अधिक वेगवान नसते, त्याचा वेग फक्त स्वस्त असतो. हा फरक बारीक वाटला तरी डावावर त्याचा मोठा परिणाम होतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन टफली यांच्या ‘फुल थ्रस्ट’ने नियम सोपे केले. १९९९ मध्ये ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ आले, २०१२ मध्ये ‘एक्स-विंग’, २०१५ मध्ये ‘आर्माडा’, २०१६ मध्ये ‘ड्रॉपफ्लीट कमांडर’ आणि २०२१ मध्ये ‘अ बिलियन सन्स’. प्रत्येक खेळाने लहान नौकांच्या प्रश्नाला आपापले उत्तर दिले आहे. ही उत्तरे चार पक्षांत मांडता येतात.

पहिला पक्ष : संख्या हेच बळ

हा पक्ष गणितावर उभा आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या वर्गनियमानुसार, सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर संख्येचे मोल तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकी नौदलाचे कॅप्टन वेन ह्यूज यांनी १९९५ मध्ये क्षेपणास्त्रांच्या लढतीसाठी समीकरणे दिली. एकेका जहाजाचा मारा किंवा दणकटपणा वाढवण्यापेक्षा जहाजांची संख्या वाढवणे अधिक फलदायी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पटावरचा सर्वात गाजलेला पुरावा १९८१ चा आहे. ‘ट्रॅव्हलर’ या खेळाच्या ‘ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन’ नियमांवर अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा झाली. संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी ‘युरिस्को’ नावाच्या आपल्या प्रोग्रामकडून ताफा बनवून घेतला. त्यात ९६ जहाजे होती आणि बहुतेक लहान, मंद, पण शस्त्रांनी ठासून भरलेली. मोठी जहाजे घेऊन आलेल्या अनुभवी खेळाडूंना या ताफ्याने हरवले. याच ताफ्यात एक अगदी छोटी, अतिचपळ नौकाही होती. ती शत्रूला टिपताच येत नसे, त्यामुळे बाकी सगळे बुडाले तरी डाव अनिर्णित ठेवता येई. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले आणि ताफ्याच्या चपळाईला महत्त्व दिले. युरिस्कोने तेव्हा स्वतःचीच जखमी जहाजे उडवून उरलेल्या ताफ्याची चपळाई राखली आणि पुन्हा बाजी मारली. तिसऱ्यांदा जिंकलात तर स्पर्धाच बंद करू, असे आयोजकांनी सांगितल्यावर लेनाट थांबले.

संख्यापक्ष या घटनेकडे आपला विजय म्हणून पाहतो. पण यात जिंकली ती संख्या; वेगाने फक्त पराभव टाळला. लहान आणि चपळ या दोन गुणांची इतकी स्वच्छ फारकत दुसऱ्या उदाहरणात सापडत नाही.

संख्येचा आणखी एक फायदा ‘आर्माडा’मध्ये दिसला. तिथे दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक जहाज हलवतात. ज्याच्याकडे जहाजे जास्त, तो किरकोळ नौका हलवत वेळ काढतो आणि प्रतिस्पर्ध्याचे मोठे जहाज पुढे आल्यावर आपले खरे जहाज हलवतो. स्वस्त फ्लोटिला (छोट्या नौकांचे गट) घेऊन वेळ विकत घेण्याची ही चाल इतकी रुळली की २०१७ मध्ये एका ताफ्यात दोनच फ्लोटिलांची मर्यादा घालावी लागली.

दुसरा पक्ष : वेग म्हणजे जागा

या पक्षाच्या मते संख्या दुय्यम आहे. लहान नौकेचे खरे शस्त्र म्हणजे मोठ्या जहाजाच्या तोफा जिथे पोचत नाहीत ती जागा गाठणे. ‘फुल थ्रस्ट’मध्ये दोन्ही खेळाडू चाली गुपचूप लिहितात आणि त्या एकदम उघडतात. दिशा घड्याळाच्या बारा आकड्यांवर मोजतात. जहाजाच्या रेट्याचा निम्मा भाग वळायला वापरता येतो. म्हणून रेटा ६ असलेली नौका एका डावात तीन आकडे, म्हणजे ९० अंश वळते, तर रेटा २ असलेले अवजड जहाज फक्त ३० अंश. मूळ नियमांत जहाजाच्या मागच्या कमानीतून तोफा डागता येत नाहीत. जड जहाज कुठे जाणार हे दोन डाव आधीच दिसते, आणि हलकी नौका त्याच्या पाठीशी जाऊन बसते. ऑर्मच्या वर्णनातली गुराबे हेच करीत होती.

‘ड्रॉपफ्लीट कमांडर’ने याला दुसरी बाजू जोडली. तिथे प्रत्येक जहाजाची दुरून दिसण्याची खूण ठरलेली असते. मोठ्या जहाजाची खूण मोठी आणि तोफा डागल्यावर ती आणखी वाढते. लहान नौका गप्प राहिली तर जवळ येईपर्यंत दिसतच नाही. २००३ पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या संगणकीय खेळातही हेच तत्त्व आहे. तिथे आडव्या दिशेने वेगात जाणाऱ्या लहान फ्रिगेटवर मोठ्या तोफांना नेम धरता येत नाही. ती फ्रिगेट मोठ्या जहाजाला बुडवत नाही, नुसती धरून ठेवते. बुडवायला बाकीचे येतात.

तिसरा पक्ष : मोठे जहाजच खरे

या पक्षाकडेही पक्का हिशेब आहे. समजा मोठ्या जहाजाची किंमत लहान नौकेच्या दहापट, मारा दहापट आणि सांगाडाही दहापट. लँचेस्टरच्या कागदावर ते जहाज आणि दहा नौका बरोबरीत सुटतात. पण तसे व्हायला सांगाडा खचेल त्या प्रमाणात मोठ्या जहाजाचा माराही घटायला हवा. शेवटचा घाव बसेपर्यंत त्याच्या सगळ्या तोफा चालू राहिल्या तर दहा नौका संपतात तेव्हा त्याचा जवळपास निम्मा सांगाडा शिल्लक असतो. लहान नौकेचे तसे नाही. ती फुटली की तिची तोफही गेली.

पल्ल्याचा हिशेब याहून कठोर आहे. ‘फुल थ्रस्ट’मध्ये तिसऱ्या वर्गाची बीम तोफ ३६ इंचांपर्यंत मारा करते. २४ ते ३६ इंचांत तिला एक फासा मिळतो, १२ ते २४ मध्ये दोन आणि १२ च्या आत तीन. पहिल्या वर्गाच्या तोफेचा पल्ला १२ इंचच. ढाल नसलेल्या जहाजावर ४ किंवा ५ पडले तर एक घाव आणि ६ पडला तर दोन, म्हणजे फासा पुन्हा टाकण्याचा नियम सोडला तर एका फाशामागे सरासरी दोन तृतीयांश घाव. आता तीन मोठ्या तोफांच्या क्रूझरवर एक लहान नौका डावाला १२ इंच या हिशेबाने चालून गेली असे समजा. बाहेरच्या पट्ट्यात तिच्यावर तीन फासे पडतात आणि मधल्या पट्ट्यात सहा. सरासरी सहा घाव खाऊन ती पहिली गोळी झाडायला पोचते. तिचा सांगाडा सहाच घाव सोसणारा असला तर ती पोचतच नाही.

नियमांच्या कडेकोपऱ्यांतही लहान जहाजाला तोटे आहेत. ‘एक्स-विंग’मध्ये कमी कौशल्याचा, म्हणजे स्वस्त वैमानिक आधी हलतो आणि शेवटी मारा करतो, म्हणून पुष्कळदा तो गोळी न झाडताच मरतो. ‘बॅटलफ्लीट गॉथिक’मध्ये एस्कॉर्ट, म्हणजे सोबतीची लहान नौका, एका घावात फुटते, क्रूझरला सहसा आठ लागतात. शिवाय अर्धवट खचलेल्या क्रूझरच्या गुणांचा फक्त काही भाग शत्रूला मिळतो, फुटलेल्या प्रत्येक एस्कॉर्टचे मात्र पूर्ण गुण मिळतात. लहान नौका हप्त्याहप्त्याने हरतात, असे या पक्षाचे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही.

चौथा पक्ष : आधी विजयाची अट सांगा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत बळावलेला हा पक्ष म्हणतो की, वरचे तिन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: जो शत्रूची जास्त जहाजे बुडवेल तो जिंकेल. ही अट बदलली की सगळा हिशेब बदलतो.

आपल्याकडचा वाघ-बकरीचा पट याचे जुने उदाहरण आहे. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघ बकरीला उडी मारून खातो, बकरी वाघाला कधीच मारू शकत नाही. तरीही खेळ चुरशीचा होतो, कारण बकऱ्यांना वाघाला मारायचे नसून कोंडायचे असते. ‘ड्रॉपफ्लीट कमांडर’ने हेच केले. विजय ठरतो तो खालच्या ग्रहावरची शहरे कोणाच्या ताब्यात आहेत यावर. सैन्य उतरवायला हलक्या नौका लागतात आणि लढाई वातावरणात शिरली की तिथे कॉर्व्हेट या लहान नौकेला महत्त्व येते. ‘अ बिलियन सन्स’मध्ये ताफा कंत्राटे पुरी करून पैसा कमावतो आणि जहाजे लागतील तशी बोलावली जातात. मोठे जहाज आणले की आधी त्याचा खर्च भरून काढावा लागतो.

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या या पक्षाला इतिहासाचा आधार देतात. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर हलके घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याचे सैन्य जड होते. तोफा, बाजारबुणगे, रसदेचे तांडे असा त्याचा पसारा. बरद्वानजवळ भोसल्यांच्या घोडेस्वारांनी त्याची रसद तोडली आणि त्याला हाल सोशीत कटव्याकडे सरकावे लागले. पण त्याच वर्षी भास्करराम कटव्याला तळ ठोकून बसले असताना अलीवर्दीखानाने नदी ओलांडून अचानक छापा घातला आणि त्यांना पळावे लागले. चपळ दल एका जागी बसले की त्याचा गुणच जातो. १७४४ मध्ये वाटाघाटीला बोलावून भास्करराम यांचा खून करण्यात आला. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत आणि १७५१ च्या तहात नागपूरकरांना ओडिशाचा महसूल आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये कबूल झाले. या काळात बंगालच्या रयतेने सोसलेली लूट आणि अत्याचार हेही इतिहासाचेच भाग आहेत. मुद्दा एवढाच, की निर्णायक मैदानी लढाई न जिंकता एक मोहीम जिंकली गेली, कारण तिचे उद्दिष्ट मैदान नव्हते, महसूल होता. खांदेरीलाही लढत ‘रिव्हेंज’ने निभावली आणि बेट मराठ्यांनी राखले.

कशावर एकमत आहे

चारही पक्षांचे जाणते खेळाडू काही गोष्टी सारख्याच सांगतात.

एक, लहान नौका सुट्या सुट्या पाठवू नयेत. सगळ्या एकाच डावात शत्रूच्या पल्ल्यात शिरल्या पाहिजेत. वरच्या उदाहरणात एकाच क्रूझरवर एकाऐवजी सहा नौका एकदम चालून गेल्या, तर तेच सहा घाव सहा जणींत वाटले जातात किंवा एकीवर खर्च होतात, उरलेल्या पोचतात.

दोन, शत्रूच्या समोरून जाऊ नये. बाजूने, कडेने, मागून जावे, आणि त्यासाठी लागणारा एक जादा डाव आधीच हिशेबात धरावा.

तीन, आधी गती मोडावी. इंजिन बंद पाडणारे शस्त्र असेल तर ते लहान नौकेवर ठेवावे. थांबलेले मोठे जहाज बुडवायला मग घाई नसते.

चार, लहान नौका शेवटी खर्चाव्यात. सुरुवातीचे डाव त्यांनी दूर राहून शत्रूला दोन दिशांना पाहायला लावावे. ज्या नौकेने अजून मारा केलेला नाही, तिचा धाक मारा केलेल्या नौकेपेक्षा मोठा असतो.

पाच, निव्वळ लहान नौकांचा ताफा अपवादानेच घ्यावा. एक-दोन मध्यम जहाजांनी समोर उभे राहून शत्रूची नजर धरून ठेवावी, ही गुराब आणि गलबत यांची जोडी आजही सर्वात भरवशाची मानली जाते. १९७१ मध्ये बोटींना ओढत नेणाऱ्या नौकांनीही अशीच साथ दिली: लहानांना कामाच्या जागेकडे पोचवायला मदत केली.

काय अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न किमतीचा. काही खेळांत जहाजाचे गुण वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात ठरतात. मोठ्या आकाराचे फायदे मात्र सरळ प्रमाणात वाढत नाहीत, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. ‘फुल थ्रस्ट’च्या खेळाडूंमध्ये सांगाड्याची किंमत वस्तुमानाच्या वर्गाशी जोडणारी दुरुस्ती रूढ आहे. ती लावली की लहान नौका स्वस्त होतात. पण मग झुंडीच फार बलवान होतात का, यावर मतभेद आहेत. झुंड हलवायला पटावर वेळही जास्त लागतो आणि त्याची किंमत कोणत्याच सूत्रात येत नाही.

दुसरा प्रश्न भौतिकशास्त्राचा. समुद्रावर लहान नौकेला उथळ पाणी, खाडी आणि पडलेला वारा साथ देतात. अवकाशात यांतले काही नाही. मोठ्या जहाजाला वस्तुमानाच्या प्रमाणात मोठे इंजिन दिले तर तेही तितक्याच त्वरणाने जाईल. म्हणून एका गटाचे म्हणणे असे की, ‘लहान म्हणून वेगवान’ ही समुद्रावरून उसनी आणलेली समजूत आहे. दुसरा गट आकाराकडे बोट दाखवतो. तीन लाख किलोमीटरवरून लेझर मारला तर लक्ष्याची प्रतिमा एक सेकंद जुनी असते आणि किरण पोचायला आणखी एक सेकंद लागतो. त्या दोन सेकंदांत एक ‘जी’ त्वरणाने जहाज सुमारे २० मीटर सरकते. दहा मीटरची नौका तेवढ्याने वाचते, दोनशे मीटरचे जहाज वाचत नाही. शिवाय लांबलचक जहाजाला तोंड फिरवायला वेळ लागतोच. २००४ च्या ‘अटॅक व्हेक्टर : टॅक्टिकल’सारखे त्रिमित, भौतिकशास्त्राला धरून असलेले खेळ या वादात पुरावा म्हणून पुढे येतात, पण दोन्ही गट त्यांतून आपापल्या सोयीचे निष्कर्ष काढतात.

तिसरा प्रश्न जिवाच्या किमतीचा. एका संध्याकाळच्या डावात शेवटची नौकासुद्धा बेलाशक बळी देता येते, कारण उद्या ताफा पुन्हा कोरा असतो. मोहिमेच्या खेळात, जिथे गमावलेली नौका पुढच्या लढाईत नसते, तिथे झुंडीचे आकर्षण झपाट्याने कमी होते. लहान नौकांची बरीच कीर्ती एका डावाच्या खेळांवर उभी आहे, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पुरेसे उत्तर मिळालेले नाही.

चौथा प्रश्न पुराव्याचा. २००२ मध्ये अमेरिकेच्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या लष्करी सरावात निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी शत्रूची बाजू खेळताना लहान बोटी आणि क्षेपणास्त्रांच्या एकदम माऱ्याने १६ जहाजे बुडवली. सराव थांबवून ती जहाजे पुन्हा तरंगती केली गेली. काहींच्या मते ते चपळ बळाचे निर्विवाद यश होते. काहींच्या मते त्या सरावाच्या संगणकीय मांडणीतल्या त्रुटींचा तो फायदा होता. युरिस्कोबद्दल हाच वाद आहे. प्रोग्रामला लहान जहाजांचे सत्य सापडले, की नियमांतली फट?

आढाव्याचा निष्कर्ष

लहान नौका मोठ्या जहाजापेक्षा सरस आहे किंवा नाही, असे एका वाक्यात सांगणारे उत्तर मिळत नाही. बुडवाबुडवीवर गुण देणाऱ्या, उघड्या पटाच्या आणि लांब पल्ल्याच्या तोफांच्या खेळात मोठे जहाज वरचढ ठरते. पाठ उघडी ठेवणारे नियम, लपायला जागा, आळीपाळीच्या चाली आणि बुडवण्यापलीकडचे उद्दिष्ट यांतल्या दोन गोष्टी जरी असल्या, तरी लहान नौकांचे पारडे जड होते. वेगाला स्वतःची किंमत नाही. त्याच्या बदल्यात नियम काय देतात, त्यावर ती ठरते.

‘फुल थ्रस्ट’चे नियम प्रकाशकांनी विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. पुठ्ठ्याच्या सोंगट्या, मोजपट्टी आणि चार फासे एवढ्यावर पारशिवनीतही कोणालाही हे तपासता येईल. एकच जोडी ताफे घ्या. पहिला डाव शत्रूचा ताफा बुडवण्यासाठी खेळा आणि दुसरा एक मालवाहू जहाज पटाच्या पलीकडे नेण्यासाठी. मग बाजू बदलून दोन्ही डाव पुन्हा खेळा. ताफा निवडण्याआधी विजयाची अट वाचण्याची सवय लागली, तर लहान नौका कधी घ्याव्यात हे वेगळे विचारावे लागणार नाही.